न झालेल्या पुलाचे जाहीर आभार

पेंटरबाई आमदारकीला उभी राहिली तेव्हा वस्तीत ज्याला त्याला कारण ठाऊक होतं, फक्त प्रत्येकाचं कारण वेगळं होतं. कोपऱ्यावरचा न्हावी म्हणाला, बाईच्या डोक्यात हवा गेली. समोरची शिंपीण म्हणाली, कुणीतरी मागून फूस लावली असणार, नाहीतर पत्र्यावर अक्षरं रंगवणाऱ्या बाईला एवढी अक्कल कुठून? पेंटरबाईचा नवरा शहरबस चालवायचा. त्याला डेपोत रोज कुणी ना कुणी डिवचायचं, "काय हो, बाई निवडून आल्या तर घरी स्वयंपाक कोण करणार?" तो म्हणायचा, "आत्ता करतो तोच," आणि बस सुरू करायचा.

खुद्द पेंटरबाईला विचारलं तर ती म्हणायची, "राग आला म्हणून." लोक हसायचे. माणसं रागावली की जेवत नाहीत, भांडी आपटतात, फार तर माहेरी जाऊन बसतात. रागावून कुणी विधानसभेला उभं राहतं का?

राहतं. न राहून सांगतं कुणाला? पण राग कशाचा, हे कळायला आधी तो कालवा बघायला हवा.

वस्ती कालव्याच्या अलीकडे. शाळा, दवाखाना, बसचा डेपो, बाजार, सगळं पलीकडे. रस्त्यानं जायचं तर काठाकाठानं पार वर, पाणी सोडायच्या दरवाजांपर्यंत जायचं आणि तेवढंच उलटं यायचं. समोरच्या काठावर वाळत घातलेली चादर इथून दिसते, पण तिथे पोचेपर्यंत ती वाळून घडी घालून कपाटात गेलेली असते. म्हणून लोक पाइपवरून जायचे. पाण्याची जाड लोखंडी पाइपलाइन कालव्यावरून आडवी गेली होती, तिच्यावरून. चपला हातात घ्यायच्या, तान्ह्या पोराला पाठीशी बांधायचं, नजर समोर ठेवायची. ज्याच्या डोक्यावर ओझं असेल त्याला आधी सोडायचं. रिकाम्या माणसानं काठावर थांबायचं. ही रीत कुणी शिकवली नव्हती. वस्तीतलं पोर चालायला लागलं की त्याला ती आपोआप यायची. आपल्या पोरांना अशा गोष्टी येतात याचं कौतुक करावं की कपाळ बडवावं, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

पूल मागून मागून वस्तीचे घसे बसले होते. नगरपालिका म्हणायची, कालवा राज्याचा, आमचा नाही. राज्याचं खातं म्हणायचं, आमदारांना भेटा. आमदार म्हणायचे, "हो हो, होऊन जाईल." काहीही मागा, कधीही मागा, उत्तर एकच. वस्तीनं त्यांचं नावच होईलसाहेब ठेवलं होतं. पेंटरबाई आणि निवृत्त गुरुजी यांनी मिळून पूल समिती काढली होती. गुरुजी अर्जाचा मजकूर सांगायचे, पेंटरबाई मोर्चाचे फलक रंगवायची. छापील फ्लेक्स आल्यापासून तिचा धंदा बसला होता, तरी दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर आणि शाळांच्या भिंती अजून तिच्याकडेच यायच्या, कारण तिचं अक्षर. सरळ रेघेसाठी खडूची दोरी मारून, आउटलाइन काढून, सावली देऊन ती असं अक्षर काढायची की शिवी लिहिली तरी माणूस थांबून वाचेल.

आणि याच अक्षरानं घात केला. पण त्यात सासूबाईंचाही वाटा होता, तो सांगायला हवा.

सासूबाईंचा एक ठरलेला डाव होता. ज्याच्याकडून काम करून घ्यायचं, त्याचे आधीच चारचौघांत आभार मानून टाकायचे. एकदा गच्ची गळायला लागली, तेव्हा सासूबाई सगळ्या नातेवाइकांना सांगत सुटल्या, "आमचे जावई म्हणजे देवमाणूस हो, गच्ची करून देतो म्हणालेत." जावयाला पत्ता नाही. रविवारी बिचारा सिमेंटचं पोतं खांद्यावर घेऊन दारात हजर. हा डाव त्यांनी दिरावर लावला, व्याह्यांवर लावला, दुकानदारावर लावला, खुद्द सुनेवर तर कितीदा लावला, आणि एकदाही तो वाया गेला नाही.

"माणसाला लाज असते गं," त्या सांगायच्या. "आधी मोठेपणा देऊन टाकावा. मग तो मोठेपणा खाली ठेवायची त्याला लाज वाटते."

पेंटरबाईनं समितीपुढे हाच डाव मांडला. गुरुजींनी मान हलवली, मग हसले, मग म्हणाले, "करून बघू. भांडून तरी काय मिळालं?" आणि कालव्याच्या काठावर, जिथून पाइप सुरू होतो तिथे, मोठा पत्रा उभा राहिला. निळ्या जमिनीवर पिवळी अक्षरं, त्यांना तांबडी सावली. 'कालव्यावरील पुलाबद्दल आमदारसाहेबांचे वस्तीतर्फे जाहीर आभार.' एवढं सुंदर काम पेंटरबाईनं आयुष्यात केलं नव्हतं. होईलसाहेब मुद्दाम गाडी थांबवून उतरले, पत्र्याशेजारी उभे राहून फोटो काढून घेतला, आणि म्हणाले, "वा! होऊन जाईल." सगळ्यांना वाटलं, मासा गळाला लागला.

पुढच्याच अधिवेशनात विरोधी बाकावरच्या कुणीतरी राज्यभर रखडलेल्या कामांचा पाढा वाचला, त्यात या पुलाचा उल्लेख आला. गुरुजींनी मोबाइलवर ते चालू असताना सगळ्यांना बोलावलं. पेंटरबाईच्या खोलीत रंगाच्या डब्यांवर बसून लोक बघत होते. होईलसाहेब उठले, तो फोटो उंच धरला आणि म्हणाले, "माझ्या लोकांनी पुलाबद्दल स्वतःहून माझे जाहीर आभार मानलेत, अध्यक्ष महाराज. पूल झाला नसता तर लोकांनी आभार मानले असते का?" सभागृहात बाकं वाजली. मंत्री म्हणाले, काम पूर्ण झाल्याची नोंद घेतली आहे. पुढचा विषय सुरू झाला.

सासूबाईंनी तेवढं विचारलं, "म्हणजे लाज वाटली नाही त्याला?"

नाही वाटली. जावयाला वाटते, दिराला वाटते, किराणा दुकानदारालासुद्धा वाटते. आभार मानलेल्या माणसाला लाज वाटते हा नियम माणसांसाठी होता, आणि तो आपण कुणाला लावतोय हे या साध्या लोकांनी बघितलं नव्हतं. पेंटरबाई त्याच पावली काठावर गेली आणि तिनं पत्रा उपटून काढला. पण पत्रा उपटता येतो, फोटो कसा उपटणार? तिच्या हातची ती सुरेख अक्षरं आता साक्षीदार झाली होती, आणि तीही खोटी साक्ष द्यायला.

त्यानंतर एका वाऱ्याच्या सकाळी सासूबाई पलीकडे लेकीकडे निघाल्या. दर आठवड्याला जायच्या तशाच. चपला हातात, पदर खोचलेला, नजर समोर. पाइपच्या जोडापाशी कधीपासून पाणी झिरपत होतं, तिथे शेवाळ धरलं होतं. पाण्यात पडल्या असत्या तर एक वेळ कुणीतरी पोहून काढलं असतं. त्या काठाच्या काँक्रीटवर पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. दोघा माणसांनी दाराच्या फळीवर घालून त्यांना लांबच्या वाटेनं दवाखान्यात नेलं, आणि सबंध वाटभर त्या कण्हता कण्हता विचारत होत्या, "माझ्या चपला कुणी घेतल्या का?"

त्या वाचल्या. खाटेला खिळल्या, पण वाचल्या.

पेंटरबाई कालवा खात्याच्या कचेरीत गेली ती एवढंच सांगायला की माणूस पडलं, आता तरी या. टेबलामागचा अधिकारी वाईट नव्हता. त्यानं तिला बसायला सांगितलं, पंखा तिच्याकडे वळवला, संगणकात बघितलं आणि खाली मान घालून म्हणाला, "दवाखान्याकडून कळलं होतं, चौकशी झाली आहे बाई. पूल उपलब्ध असताना वृद्ध महिलेनं निष्काळजीपणे पाइपचा वापर केला, असा निष्कर्ष आहे."

"कुठला पूल?"

"कालव्यावरचा."

"चला, दाखवा मला. आत्ता चला. माझी गाडी आहे बाहेर, सायकल आहे, मागे बसा."

"बाई, मी दाखवायचा प्रश्नच नाही. सभागृहात पूल झाला म्हणून सांगितलंय, मंत्र्यांनी मान्य केलंय. मी इथून वर कसं कळवू की नाही म्हणून? माझी नोकरी जाईल."

"मग सांगायचं कुणी? मोर्चा आणू? उपोषणाला बसू?"

"त्यानं काय होणार? तिथे बोललेलं तिथेच उभं राहून खोडावं लागतं." त्यानं घड्याळाकडे पाहिलं. एकदाची ही बाई उठावी, एवढंच त्याच्या मनात होतं. "आणि तिथे उभं राहून बोलायला सदस्य व्हावं लागतं. व्हा तुम्ही आमदार!"

शेजारच्या टेबलावरचा कारकून हसला. पेंटरबाई हसली नाही. इतकी वर्षं ती दारोदार फिरत होती, आणि नक्की कुठलं दार हे कुणीच सांगितलं नव्हतं. या माणसानं टाळायला म्हणून का होईना, सांगितलं.

घरी येऊन तिनं सगळं सांगितलं तेव्हा सासूबाई खाटेवरून जवळजवळ उठूनच बसल्या. "निष्काळजी? मी?" कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघणारी बाई. शेगडी बंद केली का ते बघायला अर्ध्या वाटेतून परत येणारी. सहा जणांचं घर चालवताना जिच्या हातून कधी दुधाचं भांडं उतू गेलं नाही, ती. "कुठाय त्याचा पूल, दाखव म्हणावं! कुबड्या घेऊन चालून जाते त्याच्यावरून! बोलाचीच कढी न् बोलाचाच भात, वर जेवले नाही म्हणून मलाच बोल लावताय?" त्यांचा आवाज ऐकून शेजारपाजारचे गोळा झाले. "माझ्या नावापुढचं ते निष्काळजी पुसलं गेल्याशिवाय मी मरायची नाही, सांगून ठेवते."

पेंटरबाईनं अर्ज भरला.

पहिले काही दिवस वस्तीला ती करमणूक वाटली. मग पलीकडच्या काठावरचे लोक यायला लागले, पाइपवरूनच, चपला हातात घेऊन. मग वरच्या अंगाच्या वस्तीतून बायका आल्या, त्यांच्याकडे न झालेला दवाखाना होता. न्हाव्याच्या दुकानात चेष्टा बंद झाली. आणि एका दुपारी होईलसाहेबांची गाडी वस्तीच्या तोंडाशी उभी राहिली.

साहेब एकटेच पेंटरबाईच्या घरात आले. टर्पेन्टाइनच्या वासानं नाक आक्रसलं, पण हसू तसंच ठेवलं. सासूबाईंच्या खाटेजवळ खुर्ची ओढून बसले. दारात गुरुजी आणि बरेच लोक जमले.

"आजी, बऱ्या आहात ना? ताई, तुमचा राग मला कळतो. मी रागवायला नाही आलो, द्यायला आलोय. पूल घ्या."

कुणाला पटकन कळलंच नाही. साहेब पुढे म्हणाले, "खरा पूल. लोखंडी, कठडेवाला. तयार भाग आणून जोडायचे, दोन महिन्यांत होऊन जाईल. नवीन काम म्हणून मला घेता येत नाही, कारण... ते तुम्हाला माहीत आहे. दुरुस्ती म्हणून घेतो. जुन्या पुलाची दुरुस्ती. तुम्ही फक्त अर्ज मागे घ्या."

"नसलेल्या पुलाची दुरुस्ती?" पेंटरबाई म्हणाली.

"नावात काय आहे, ताई? चालायला मिळाल्याशी मतलब."

"आणि आई पडल्या त्याचं?"

"त्याचं काय? झालं गेलं. पूल नादुरुस्त होता म्हणून पाइपवर गेल्या, असं फार तर म्हणता येईल. पण आजी आता असलं काही मनात ठेवणाऱ्या नाहीत. काय आजी?"

सगळ्यांनी खाटेकडे पाहिलं. आता म्हातारी याची सालटी काढणार, असं प्रत्येकाला वाटलं. दारातली शिंपीण तर ऐकायला दोन पावलं पुढे आली.

सासूबाई छताकडे बघत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "घे सूनबाई. पूल घे."

पेंटरबाईला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. साहेब उठले, आजींच्या पायांना हात लावल्यासारखं केलं आणि दारात म्हणाले, "मागे घ्यायची मुदत उद्या दुपारपर्यंत आहे. विचार करा. नाही घेतला, तर मग पूल कसा होणार, तुम्हीच सांगा." एवढं बोलून ते गेले. पूल त्यांच्या खिशात होता. हवा तेव्हा काढून दाखवायचा, हवा तेव्हा परत ठेवायचा. लोकांच्या पायाखालची वाट या माणसाच्या खिशात कुणी ठेवली, असा प्रश्न दारातल्या एकालाही पडला नाही. त्यांचे चेहरे उजळले होते. त्यांना तरी दोष कसा द्यायचा? त्यांची पोरं रोज त्या पाइपवरून जात होती.

"घेऊन टाका," गुरुजी म्हणाले. "हातातोंडाशी आलेला घास आहे. पुलाला ते काय नाव देतात याच्याशी पायांना काय देणंघेणं?"

"आणि उद्या पुन्हा कुठे असंच झालं म्हणजे?"

"उद्याचं उद्या. तुम्ही निवडून याल याची खात्री आहे का? नाही आलात तर पूलही गेला आणि मानही."

गुरुजींचं खोटं नव्हतंच. पेंटरबाई मोरीपाशी बसून ब्रश धूत राहिली, धुतलेले ब्रश पुन्हा धूत राहिली. आपला हट्ट मोठा की लोकांची पोरं मोठी? नवरा कामावरून आला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी तुझ्या बाजूनं आहे. पण तू कुठल्या बाजूला आहेस ते एकदा मला सांग, म्हणजे मला उभं राहायला बरं."

"मागे घेईन म्हणते," ती म्हणाली. ते बोलताना तिला स्वतःचाच संताप आला, पण बोलली.

दिवे लागायच्या सुमारास ती सासूबाईंची वेणी घालायला बसली. पडल्यापासून त्यांना हात मागे नेता येत नव्हता. केस पार विरळ झाले होते.

"सूनबाई, एक विचारू? रागावू नकोस."

"विचारा की."

"तिथे खरंच पूल नाही ना गं?"

पेंटरबाईचा हात थांबला.

"खाटेवर पडल्या पडल्या सारखा तोच विचार येतो," सासूबाई म्हणाल्या. "एवढी मोठी माणसं सांगतात. तिकडे सभागृहात सांगितलं. कचेरीत सांगतात. आज तो घरी येऊन दुरुस्त करतो म्हणाला. म्हटलं, असेलही. जरा खाली, वळणापाशी असेल. मला म्हातारीला दिसला नसेल, आणि मी आपली उगाच त्या पाइपवर चढले असेन. माझंच चुकलं असेल. म्हणून म्हटलं घे."

पेंटरबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. हाड मोडलं होतं ते तिनं सोसलं होतं. आपल्या अक्षरांचा गैरवापर झाला तोही गिळला होता. पण या लोकांनी या बाईच्या डोक्यात हात घातला होता. जन्मभर त्या कालव्याच्या काठावर राहिलेल्या, त्याचा इंच न् इंच पायाखालून गेलेल्या बाईला त्यांनी स्वतःच्या डोळ्यांवर संशय घ्यायला लावला होता. खोटं बोलले एवढंच नव्हे, तर ज्याचं नुकसान केलं त्यालाच ते खरं वाटेपर्यंत बोलत राहिले. आणि दुरुस्तीचा पूल घेतला असता, तर ही बाई त्याच समजुतीत मेली असती, की तिथे पूल होता आणि आपल्यालाच दिसला नाही.

ती उठून खाटेसमोर आली आणि खाली बसली.

"नाही आई. तिथे पूल नाही. खाली नाही, वर नाही, वळणापाशी नाही. कधीच नव्हता."

"नक्की?"

"नक्की. तुम्ही नीट चालत होतात. तुमची काही चूक नाही."

सासूबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. लहान पोरानं बघावं तशा. मग म्हणाल्या, "मोठ्यानं सांग गं. बाहेरच्यांना ऐकू जाऊ दे."

पेंटरबाईनं सांगितलं. इतक्या मोठ्यानं सांगितलं की न्हाव्याची कात्री थांबली, शिंपिणीचं मशीन थांबलं, आणि गुरुजी हातात चहाचा कप घेऊन तसेच बाहेर आले. "तिथे पूल नाही!" ती दारात उभी राहून ओरडत होती. "पूल नव्हता! माझी सासू नीट चालत होती!" नवरा तिला आवरायला म्हणून उठला, आणि मग तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुदत टळून गेली. अर्ज मागे घ्यायला त्या घरातून कुणी गेलं नाही.